आधी ओळखा, तक्रार कोणाची

सातव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन द्यायचा राहतो आणि कंपायलर बोट ठेवतो आठव्या ओळीवर. सी भाषा नव्याने शिकणारी मुलगी आठवी ओळ पुन्हा पुन्हा वाचते. त्या ओळीत काहीच वावगं नसतं. मग ती ओळ खोडून पुन्हा लिहिते, कंस बदलून बघते, चांगलं लिहिलेलंही बिघडवून ठेवते आणि तासाभराने ‘मला प्रोग्रामिंग जमणार नाही’ असं ठरवून मोकळी होते. एका सेमीकोलनपायी स्वतःबद्दल एवढा मोठा निकाल लावला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. यंत्राचं बोलणं कसं ऐकायचं हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं, एवढीच खरी अडचण असते.

कंपायलरने इथे फसवलेलं नाही. सी भाषेत ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही, ते सेमीकोलनने संपतं. सातव्या ओळीच्या टोकाला कंपायलरच्या लेखी वाक्य चालूच असतं. आठव्या ओळीचा पहिला शब्द वाचला की त्याला कळतं, हा इथे बसत नाही. जिथे कळलं ती जागा तो सांगतो. चूक त्याच्या आधी झालेली असते, कधी एक ओळ आधी, कधी शंभर. जीसीसी या कंपायलरच्या अलीकडच्या आवृत्त्या सातव्या ओळीच्या टोकाशी खूण करून दाखवतात, तरी सवय तीच लावून घ्यावी: दाखवलेल्या ओळीपासून वरच्या दिशेने वाचत जायचं. महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल तर तक्रार बहुधा फाइलीच्या अगदी शेवटच्या ओळीवर येते, कारण कंपायलर तो कंस येईल म्हणून शेवटपर्यंत वाट पाहतो.

दुसरी सवय म्हणजे पहिला संदेश तेवढाच खरा मानायचा. एका व्हेरिएबलची घोषणा चुकली की ते जिथे जिथे वापरलंय तिथे तिथे कंपायलर अडखळू शकतो. वीस ओळींच्या प्रोग्रामला पंधरा चुका दाखवल्या जातात आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच असतं. पडदा वर सरकवून पहिली चूक शोधावी, तेवढीच दुरुस्त करावी, फाइल सेव्ह करून पुन्हा कंपाइल करावं. बाकीच्या बऱ्याच तक्रारी आपोआप गळून पडतात. शेवटचा संदेश डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याच्यापासून सुरुवात करणारे वेळ वाया घालवतात.

पण याहूनही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तक्रार करतंय कोण? ‘प्रोग्राम रन केला’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या एका कामात चार जणांचा हात असतो. प्रीप्रोसेसर हॅश चिन्हाच्या ओळी पाहतो आणि हेडर फाइली आणून चिकटवतो. कंपायलर एकेक फाइल स्वतंत्रपणे वाचून तिचं यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. लिंकर हे तुकडे आणि तयार लायब्ररी एकमेकांना जोडतो. आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम तो प्रोग्राम मेमरीत घेऊन चालवते. या चौघांची बोलण्याची ढब वेगळी, त्यांना दिसणारं जग वेगळं. लिंकरच्या तक्रारीवर कंपायलरचा उपाय चालत नाही. ‘एरर आली’ म्हणून वर्गात हात वर करणाऱ्या विद्यार्थ्याला चांगला शिक्षक सगळ्यात आधी हेच विचारतो.

प्रीप्रोसेसरची तक्रार ओळखायला सोपी: अमुक नावाची फाइल सापडत नाही, एवढंच तो म्हणतो. आपल्याकडे ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते ती ‘कोनिओ डॉट एच’ या हेडरबद्दल, आणि त्यामागे एक इतिहास आहे. बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ साली बाजारात आलं. त्या काळच्या डॉसवर ते अतिशय वेगवान आणि वापरायला सुटसुटीत होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये त्याची पुढची आवृत्ती, टर्बो सी प्लस प्लस, ठाण मांडून बसली ती पुढची अनेक वर्षं. ‘क्लियरस्क्रीन’ करणारं फंक्शन, शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवून ठेवणारं ‘गेटसीएच’, ‘व्हॉइड मेन’ ही सारी त्या वातावरणाची देणगी. यातलं काहीही सी भाषेच्या प्रमाणित व्याख्येत नाही. जुन्या जर्नलमधला प्रोग्राम लिनक्सवर उतरवून घेतला की पहिल्याच ओळीला प्रीप्रोसेसर थांबतो आणि मुलांना वाटतं, लिनक्सवरची सी वेगळी असते. भाषा तीच असते. त्या दोन-तीन ओळी काढून टाकायच्या, ‘मेन’च्या आधी ‘इंट’ लिहायचं, आणि प्रोग्राम बहुतेक वेळा चालू लागतो.

कंपायलरच्या तक्रारींमध्ये फाइलीचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. त्यातली एक तक्रार नीट समजून घेण्याजोगी आहे: फंक्शनची घोषणा न करताच ते वापरलंय. १९८९च्या प्रमाणित सी भाषेत अशा वेळी कंपायलर स्वतःच गृहीत धरायचा, की हे फंक्शन पूर्णांक परत देत असणार. फंक्शन दुसऱ्या फाइलीत असेल आणि प्रत्यक्षात दशांश संख्या परत देत असेल, तर उत्तर भलतंच यायचं आणि कोणीही काही बोलायचं नाही. १९९९च्या प्रमाणित व्याख्येत ही सूट काढून टाकली, तरी जीसीसी कितीतरी वर्षं नुसता इशारा देऊन पुढे जात राहिला. २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ने अखेर त्याला चूक ठरवलं. म्हणून कालपर्यंत चालणारा प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर अडला, तर त्यात नवीन बिघाड झालाय असं समजू नये. जुना दोष आता बोलून दाखवला जातोय.

लिंकर मात्र नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो, कारण तो बऱ्याचदा ओळीचा क्रमांकच देत नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे त्याचं आवडतं वाक्य. त्याचा अर्थ असा, की या नावाचं काहीतरी वापरायचं ठरलंय, पण ते प्रत्यक्षात कुठेच लिहिलेलं नाही. हेडर फाइल जोडली म्हणजे फंक्शन आलं, हा समज इथे उघडा पडतो. हेडरमध्ये असते ती नुसती घोषणा: अमुक नावाचं फंक्शन आहे, ते हे घेतं आणि ते देतं. त्याचा खरा देह लायब्ररीत असतो. वर्गमूळ काढणारं ‘एसक्यूआरटी’ वापरताना ‘मॅथ डॉट एच’ जोडलं, तरी लिनक्सवर जीसीसीच्या आज्ञेच्या शेवटी गणिताची लायब्ररी वेगळी मागावी लागते: उणे चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा एल आणि छोटा एम. शेवटी म्हणजे खरोखरच शेवटी. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि लायब्ररीतून तेवढंच उचलतो, ज्याची मागणी तोवर आलेली आहे. लायब्ररी आधी लिहिली तर तिच्याकडे कोणी काही मागितलेलंच नसतं आणि ती तशीच मागे पडू शकते.

याच ठिकाणी एक गमतीदार विसंगती दिसते. कोणी थेट २चं वर्गमूळ काढलं तर ती लायब्ररी न मागताही प्रोग्राम जुळतो. संख्या वापरकर्त्याकडून घेतली की जुळत नाही. कारण आकडा आधीच माहीत असेल तर जीसीसी ते उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि फंक्शनची गरजच उरत नाही. हे ठाऊक नसेल तर माणूस ‘स्कॅनएफ’च्या ओळीत दोष शोधत बसतो.

लिंकर म्हणतो ‘मेन’ सापडत नाही, तेव्हा बहुधा ‘मेन’चं स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा फाइल सेव्हच केलेली नसते. तो म्हणतो, एकाच नावाच्या दोन व्याख्या आहेत, तेव्हा एखादं व्हेरिएबल हेडर फाइलीत लिहिलं गेलेलं असतं आणि ती हेडर दोन फाइलींत जोडली गेलेली असते. हेडरमध्ये फक्त ‘एक्स्टर्न’ लावून घोषणा करावी आणि व्याख्या एकाच सी फाइलीत ठेवावी. एक छोटी गोष्ट जाताजाता: लिनक्सवर आपल्या प्रोग्रामला ‘टेस्ट’ हे नाव देऊ नये. आपण आज्ञा टाइप करतो त्या शेलची स्वतःची त्याच नावाची आज्ञा असते. नुसतं ‘टेस्ट’ टाइप केलं की ती चालते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. आपला प्रोग्राम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ लिहावीच लागते, कारण शेल चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही.

आता चौथी तक्रार, ऑपरेटिंग सिस्टीमची. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ हे दोन शब्द उमटतात आणि प्रोग्राम मरतो. ओळ नाही, कारण नाही. घडलेलं असतं असं: प्रोग्रामने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला, जो त्याला दिलेलाच नव्हता. प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाने ते पकडलं, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला म्हणजे कर्नलला कळवलं, आणि कर्नलने प्रोग्रामला ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवून थांबवलं. म्हणूनच लिनक्सवर अशा प्रोग्रामचा शेवटचा कोड १३९ दिसतो: १२८ अधिक ११.

नवख्यांच्या प्रोग्राममध्ये हे घडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘स्कॅनएफ’मध्ये व्हेरिएबलच्या आधीचं & विसरणं. ‘स्कॅनएफ’ला उत्तर कुठे ठेवायचं तो पत्ता हवा असतो. & नसेल तर व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी जो काही कचरा असेल तोच पत्ता समजून ते तिथे लिहायला जातं. दुसरं कारण म्हणजे कोणत्याच जागेकडे न दाखवणारा पॉइंटर वापरणं. तिसरं, फंक्शनच्या आत तयार केलेल्या ॲरेचा पत्ता बाहेर परत देणं: फंक्शन संपलं की ती जागा त्याची राहत नाही, पत्ता मात्र हातात राहतो.

मग ओळ शोधायची कशी? सगळे जण मध्ये मध्ये ‘प्रिंटएफ’ पेरतात. हा उपाय चांगलाच आहे, पण त्यात एक फसवी जागा आहे आणि ती फार कमी वेळा शिकवली जाते. ‘प्रिंटएफ’ने लिहिलेलं लगेच पडद्यावर जात नाही. ते आधी एका बफरमध्ये साठतं. टर्मिनलवर सहसा नवी ओळ सुरू झाली की ते बाहेर पडतं, आणि आउटपुट फाइलीत वळवलेलं असेल तर बफर भरेपर्यंत थांबतं. मधेच प्रोग्राम कोसळला तर साठलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. त्यामुळे ‘इथपर्यंत आलो’ ही खूण दिसली नाही म्हणून आपण त्या ओळीच्या आधी चूक शोधतो, आणि ती असते पुढे. तपासासाठी लिहिलेल्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी नवी ओळ द्यावी, किंवा ‘एसटीडीएरर’वर लिहावं, ते साठवून ठेवलं जात नाही. त्याहून बरा मार्ग म्हणजे डीबगर. छोटा जी हा पर्याय लावून कंपाइल करायचं, जीडीबीमध्ये ‘रन’ म्हणायचं, कोसळला की ‘बॅकट्रेस’ विचारायचं. कोणत्या फंक्शनच्या कोणत्या ओळीवर प्रोग्राम पडला आणि तिथे कोणत्या वाटेने आला, ते तो सांगतो. एवढ्या दोन आज्ञांवर पहिलं वर्ष निभावतं. जीडीबी शिकणं पुढे ढकलू नये, हे माझं ठाम मत आहे.

‘स्कॅनएफ’ची आणखी एक खोड. आधी संख्या विचारली, मग ‘हो की नाही’साठी एक अक्षर विचारलं, तर दुसरा प्रश्न न थांबताच पुढे सरकतो. संख्येनंतर दाबलेला एंटर इनपुटमध्ये तसाच पडून असतो आणि तोच ‘अक्षर’ म्हणून वाचला जातो. टक्के चिन्ह आणि सी यांच्या आधी एक मोकळी जागा सोडली की मधल्या रिकाम्या जागा आणि एंटर ओलांडले जातात. आणि संख्येच्या जागी कोणी अक्षर टाइप केलं तर ते अक्षर न वाचता तिथेच राहतं. लूपमध्ये असेल तर प्रोग्राम वेड्यासारखा तोच प्रश्न विचारत राहतो. ‘स्कॅनएफ’ किती गोष्टी वाचता आल्या तो आकडा परत देतं. तो तपासण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

इथवर सांगितलेल्या अडचणी निदान बोलून दाखवल्या जातात. खरी काळजी मुक्या चुकांची आहे. प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो, उत्तरही देतो, आणि ते उत्तर चुकीचं असतं. सी भाषा अशी गप्प का राहते, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ती घडवली, पीडीपी-११ या आजच्या मानाने इवल्याशा यंत्रासाठी. १९७३ साली युनिक्सचं कर्नल तिच्यातच पुन्हा लिहिलं गेलं. लिहिणारे मोजके, जाणकार लोक होते आणि मेमरीचा कणन् कण मोलाचा होता. संशय घेण्याचं काम कंपायलरवर टाकणं परवडणारं नव्हतं. त्यासाठी तिथल्याच स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाचा वेगळा प्रोग्राम लिहिला. म्हणजे ही भाषा तपासनीस सोबत असेल असं धरून वाढली. आपण ती शिकवताना भाषा घेतली आणि तपासनीस मागे ठेवला.

मुक्या चुकांचा एक नमुना फॅक्टोरियलच्या प्रोग्राममध्ये दिसतो. टर्बो सीमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा, त्याची कमाल ३२,७६७. तिथे ८चं फॅक्टोरियल ४०,३२० येण्याऐवजी उणे २५,२१६ येतं. उणे चिन्ह दिसतं म्हणून चूक लगेच लक्षात येते. आजच्या ३२ बिटांच्या ‘इंट’मध्ये १२चं फॅक्टोरियल बरोबर, ४७,९०,०१,६०० येतं. १३चं यायला हवं ६,२२,७०,२०,८००, आणि साधारणपणे पडद्यावर येतं १,९३,२०,५३,५०४. उणे नाही, लहान नाही, दिसायला अगदी खरं. विद्यार्थी ते जर्नलमध्ये उतरवतो. ‘लाँग लाँग’ वापरलं तर २०पर्यंत निभावतं, २१ला तेही अपुरं पडतं.

पूर्णांकांच्या भागाकाराचं तसंच. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना कंसात ५ भागिले ९ लिहिलं की प्रत्येक तापमानाचं उत्तर शून्य येतं, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो. ५.० लिहिलं की काम झालं.

आणि = व == यांची अदलाबदल. ‘इफ’च्या कंसात एकच = लिहिलं तर तुलना होत नाही, किंमत भरली जाते. ही फक्त नवशिक्यांची चूक मानण्याचं कारण नाही. नोव्हेंबर २००३मध्ये लिनक्स कर्नलच्या सोर्सच्या एका सर्व्हरवरच्या प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता ती वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का अशी तपासणी होती. प्रत्यक्षात तिथे एकच = होतं, म्हणजे वापरकर्त्याला शून्य क्रमांक बहाल केला जात होता, आणि शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. कंपायलरने इशारा देऊ नये म्हणून भोवती जादा कंसही घातले होते. या बदलाची मूळ नोंद मुख्य साठ्यात नाही हे लक्षात आलं म्हणून डाव फसला. एका चिन्हात केवढं सामर्थ्य असतं, ते यावरून कळावं.

सगळ्यात खोल चूक ॲरेच्या सीमेची. पाच घरांच्या ॲरेतलं पहिलं घर शून्य क्रमांकाचं आणि शेवटचं चार क्रमांकाचं. इमारतीत तळमजल्यावरून मोजायला लागलो की पाचव्या थराला आपण चौथा मजला म्हणतो, तसंच. लूप पाचपर्यंत नेला की आपण घराबाहेर पडतो. पण मग प्रत्येक वेळी सेगमेंटेशन फॉल्ट का येत नाही? कारण ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी पानांच्या हिशेबाने देते, आणि नेहमीच्या पीसीवर एक पान ४,०९६ बाइटांचं असतं. चार बाइटांनी सीमा ओलांडली तर आपण बहुतेक वेळा आपल्याच पानावर असतो. सिस्टीमला त्यात गैर काही दिसत नाही. शेजारच्या व्हेरिएबलची किंमत मात्र चुपचाप बदलून जाते आणि चूक भलत्याच ठिकाणी प्रकट होते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे विशेष जपायला हवं. सी भाषेतली स्ट्रिंग म्हणजे बाइटांची रांग आणि शेवटी एक शून्य बाइट. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. त्यात पाच चिन्हं आहेत, म्हणून ‘स्ट्रलेन’ १५ सांगतं, आणि शेवटचं शून्य धरून जागा लागते १६ बाइट. दहा बाइटांच्या ॲरेत हा शब्द वाचून घेतला की सीमा ओलांडलीच म्हणून समजा. इंग्रजी नावाला चाललेला प्रोग्राम मराठी नावाला कोसळतो तो यामुळे. शब्द उलटा करायचा वर्गातला नेहमीचा प्रोग्रामही इथे मोडतो, कारण तो बाइट उलटे करतो आणि चिन्हांची शकलं उरतात. शिवाय दोन स्ट्रिंगची तुलना == ने करू नये, त्याने पत्ते ताडले जातात. ‘स्ट्रसीएमपी’ वापरावं आणि दोन्ही सारख्या असतील तर ते शून्य देतं हे ध्यानात ठेवावं.

सीमा न तपासल्याने काय होतं, ते जगाने एप्रिल २०१४मध्ये पाहिलं. इंटरनेटवरचे कितीतरी सर्व्हर ज्या ओपनएसएसएल लायब्ररीवर विसंबून होते, तिच्यात समोरून सांगितलेल्या लांबीवर आंधळा विश्वास ठेवून तेवढे बाइट परत पाठवले जात. एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी बाहेर पडू शकत होती, आणि त्या मेमरीत पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही असू शकत होत्या. हार्टब्लीड नावाने ओळखला जाणारा हा दोष दोन वर्षं कोणाच्या लक्षात आला नव्हता. तो लिहिणारे आणि तपासणारे अनुभवी लोक होते.

अशा चुकांमध्ये ‘माझ्या मशीनवर चालतं, सरांच्या मशीनवर चालत नाही’ हा प्रकार हमखास होतो. सी भाषेच्या प्रमाणित व्याख्येत कितीतरी गोष्टींबद्दल लिहिलंय, की असं केलंत तर काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. सीमेबाहेर वाचणं, किंमत न भरलेलं व्हेरिएबल वापरणं, चिन्हांकित पूर्णांक ओसंडू देणं ही त्यातली ठळक उदाहरणं. कंपायलर असं धरून चालतो, की तुम्ही हे कधीच करणार नाही, आणि त्या भरवशावर कोड वेगवान करण्यासाठी उलटापालटा करतो. त्यामुळे वेगाचा पर्याय लावला की वर्षभर चाललेला प्रोग्राम बिघडू शकतो. अशा वेळी कंपायलरला दोष देण्याआधी आपल्या कोडकडे पाहावं. दोष तिथेच असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

या मुक्या चुकांना बोलतं करण्याची साधनं आज फुकट मिळतात. जीसीसी किंवा क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या आज्ञेत उणे चिन्ह, मोठा डब्ल्यू आणि त्याला जोडून ‘ऑल’ लिहिलं, तसंच ‘एक्स्ट्रा’ लिहिलं, की = आणि ==, ‘स्कॅनएफ’मधला विसरलेला &, न वापरलेली व्हेरिएबल अशा कितीतरी गोष्टींवर इशारे मिळतात. ‘ऑल’ असं नाव असलं तरी त्यात सगळे इशारे येत नाहीत, म्हणून ‘एक्स्ट्रा’ही हवं. इशारा आला तरी प्रोग्राम तयार होतो, म्हणून मुलं तो वाचत नाहीत. माझं सांगणं आहे, शिकण्याच्या काळात इशारा हीच चूक समजावी.

दुसरं साधन सॅनिटायझर. गूगलमधल्या अभियंत्यांनी घडवलेलं ॲड्रेस-सॅनिटायझर आता जीसीसी आणि क्लँग दोन्हींमध्ये येतं. कंपाइल करताना ते मागितलं, की ॲरेच्या दोन्ही बाजूंना निषिद्ध पट्टे आखले जातात आणि सीमेबाहेर पाऊल पडताच प्रोग्राम तिथेच थांबून, छोटा जी लावलेला असेल तर, फाइल आणि ओळ सांगतो. त्याच्या जोडीचं दुसरं सॅनिटायझर पूर्णांक ओसंडला की कळवतं. १३चं फॅक्टोरियल मग मुकाट्याने जर्नलमध्ये शिरत नाही. प्रोग्राम साधारण दुपटीने मंदावतो, पण शिकताना त्याची कोणाला फिकीर? किंमत न भरलेल्या मेमरीचा वापर शोधायला लिनक्सवर व्हॅलग्रिंड आहे. ते बरंच जास्त मंद चालतं, पण त्यासाठी वेगळ्या पद्धतीने कंपाइल करावं लागत नाही.

२०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट ही भाषा याच वाटेवर पुढे गेली आहे. मेमरीची मालकी कोणाकडे आणि उसनी कोणी घेतली याचा हिशेब तिचा कंपायलर आधीच मागतो, म्हणून तिथल्या नवख्यांची तक्रार उलटी असते: प्रोग्राम कंपाइलच होत नाही. संदेश लांबलचक, पण समजावून सांगणारे असतात. डिसेंबर २०२२मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.१ आवृत्तीत रस्टला जागा मिळाली. तरी कर्नलचा बहुतांश भाग, डेटाबेस, छोट्या यंत्रांमधले कंट्रोलर सीमध्येच आहेत आणि ती शिकण्याला पर्याय नाही.

म्हणून लॅबची व्यवस्था ज्यांच्या हातात आहे, त्यांना एक विनंती. टर्बो सी प्लस प्लस आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालतही नाही, त्यासाठी डॉसबॉक्ससारखं जुन्या यंत्राचं सोंग उभं करावं लागतं. त्याने आपलं काम केलं, आता त्याला निवृत्त करावं. जीसीसी किंवा क्लँग लावावं, आणि दोन्ही इशारे, छोटा जी आणि दोन्ही सॅनिटायझर पहिल्याच प्रॅक्टिकलपासून आज्ञेत असतील असं पाहावं. यासाठी पैसे लागत नाहीत, अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, एक ओळ बदलावी लागते. आणि विद्यार्थ्यांनो, लॅबमध्ये हे झालं नाही तर आपल्या लॅपटॉपवर आज रात्रीच करून घ्या.